जि. प. शाळेतल्या मुलांचं आरोग्य आणि सुरक्षितता: समितीनं सुरुवात कुठून करावी?

ताई, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षपदी निवड झाल्याबद्दल मनापासून अभिनंदन. तुमचा प्रश्न असा: पहिली ते सातवी, पट 84, शाळा गावाच्या कडेला, मुलांच्या आरोग्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी सरकारकडून काय काय मिळतं, आणि पैसा कुठून उभा करायचा?

मी 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. मागण्यासारखं पुष्कळ आहे, ते खाली सांगतेच. पण जे आधीच शाळेत येतं त्याचा पाठपुरावा कुणी करत नाही, आणि खरं नुकसान तिथं होतं. ते काम समितीनं अंगावर घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचंच बघा. 2013 मध्ये त्याची देशपातळीवरची सुरुवात आपल्या पालघरमधून झाली. दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता असं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, अंगणवाडीत दोनदा. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष, रक्तक्षय, दात, डोळे, कान, त्वचा, हृदय असं सगळं तपासतात आणि गरज असेल त्या मुलाला पुढच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी देतात. पुढचे उपचार, अगदी हृदयाची शस्त्रक्रियासुद्धा, मोफत होतात.

आता ही चिठ्ठी कुठं जाते ते सांगते. माझ्या शाळेत तिसरीत एक मुलगा होता. त्याचा कान वाहायचा. घरचे म्हणायचे, कान फुटलाय, मोठा झाला की बरा होईल. वर्गात हाक मारली तरी तो लवकर बघायचा नाही आणि आम्ही शिक्षक त्याला लक्ष नसलेला म्हणायचो. पथकानं चिठ्ठी दिली, ती दप्तरात राहिली. पुढच्या वर्षी पथक पुन्हा आलं, त्याच मुलाच्या नावापुढं तीच नोंद, पुन्हा चिठ्ठी. दोन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा माझा मलाच राग आला. वडील ऊसतोडीला, आईला एक दिवसाची मजुरी बुडवणं जड, आणि तालुक्याच्या दवाखान्यात पैसे भरावे लागतील ही भीती. शेवटी आमच्या समितीतल्या एक बाई आईसोबत एसटीनं गेल्या. औषधं सुरू झाली, पुढं पडद्याची शस्त्रक्रिया झाली, एक रुपयाही लागला नाही.

त्यानंतर मी एक साधी शंभरपानी वही केली. मुलाचं नाव, काय सापडलं, कुठं पाठवलं, कोण घेऊन जाणार, कधी गेले, पुढची तारीख. समितीच्या दर महिन्याच्या बैठकीत पहिला विषय तीच वही. तुम्हीही एवढं नक्की करा.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. लोहाची गोळी आठवड्यातून एकदा, लहानांना गुलाबी आणि दहा वर्षांपुढच्यांना निळी. ती जेवणानंतरच द्यावी. उपाशीपोटी दिली की मळमळतं आणि मग गावभर बोभाटा होतो. शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे आयांना आधीच सांगून ठेवा. जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, साधारण 10 तारखेला. चावून खायची, आणि त्या दिवशी गैरहजर असलेल्यांसाठी पुढं आणखी एक दिवस ठेवलेला असतो. तो दिवस बहुतेक शाळा विसरतात.

पोषण आहाराच्या बाबतीत मी फार कडक होते. 16 जुलै 2013 ला बिहारमधल्या गंडामन गावात शाळेतलं जेवण जेवून 23 मुलं गेली. अन्नात कीटकनाशक उतरलं होतं. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात फवारणीच्या औषधाचा रिकामा डबासुद्धा कधी आला नाही. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चव घेऊन नोंदवहीत सही करायची असते. तुम्ही पालकांनीही पाळीपाळीनं जाऊन चव घ्या. सांगून जाऊ नका.

इमारतीकडे पावसाळ्याच्या आधी बघा. 2017 च्या ऑगस्टमध्ये नगरजवळच्या निंबोडीत शाळेचं छत कोसळून मुलं दगावली. खोलीचा गिलावा पडत असेल, गज उघडे पडले असतील, तर त्या खोलीला आजच कुलूप लावा आणि वर्ग समाजमंदिरात भरवा. मग निर्लेखनाचा, म्हणजे धोकादायक खोली पाडायला मंजुरी मागण्याचा, प्रस्ताव: समितीचा ठराव, फोटो, बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याची पाहणी, आणि हे सगळं गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. तोंडी सांगितलेल्या गोष्टी बदली झाली की साहेबांबरोबरच निघून जातात. विजेचं म्हणाल तर अर्थिंग तपासून ईएलसीबी, म्हणजे वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. पाण्याच्या मोटारीजवळ आणि ओल्या भिंतींवर मुलांचे हात जातातच. टाकीला झाकण आणि झाकणाला कुलूप.

शाळा गावाच्या कडेला म्हणालात, म्हणजे साप आलाच. 2019 मध्ये केरळात सुलतान बत्तेरीच्या शाळेत वर्गातल्या जमिनीच्या बिळातून साप चावला, मुलीला दवाखान्यात न्यायला उशीर झाला आणि ती गेली. फरशीतली बिळं सिमेंटनं बुजवा, गवत काढा. चावल्यावर घट्ट बांधणं, ब्लेड मारणं, मांत्रिक यातलं काही नाही. मुलाला हालू द्यायचं नाही आणि 108 ला फोन. सर्पदंशाची लस कोणत्या दवाखान्यात कायम असते हे आधी विचारून नंबरासह भिंतीवर रंगवून घ्या.

मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का आणि आत पाणी आहे का, हे स्वतः जाऊन बघा. सहावी-सातवीच्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, त्याचं कारण बऱ्याचदा तिथंच असतं.

यापुढचं लिहिताना हात जड होतो. 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्यांवर अत्याचार झाले, त्यानंतर सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेकडे बघणारी शाळेतली सखी सावित्री समिती यांबद्दल शासनानं पुन्हा कडक सूचना दिल्या. हे कागदावर आहे की खरंच आहे ते तपासा. तक्रारपेटी कार्यालयाच्या दारात लावलेली असेल तर कुठलंच मूल तिच्यात चिठ्ठी टाकणार नाही. मुलानं काही सांगितलं, तर शांतपणे ऐकायचं, पुन्हा पुन्हा खोदून विचारायचं नाही, आणि पोलिसांना कळवायचं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानं हे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘गावात बसून मिटवू’ म्हणणारे येतील, ते तुमचे नातलगही असतील. तरीही मिटवू देऊ नका. 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर प्रत्येक मुलाला पाठ हवा. मन मोकळं करायला 14416 हा मानसिक आरोग्याचा फोन आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

पैशाचं बोलू. 84 पटाला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान 25,000 रुपये बसतं, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. एवढ्यात हँडवॉश, कड्या, प्रथमोपचार पेटी भागतं. पाणी आणि स्वच्छतागृहासारखी मोठी कामं ग्रामपंचायतीकडून घ्या: वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायच्या, निधीत पाणी आणि स्वच्छता हेच विषय आहेत. मात्र काम गावाच्या विकास आराखड्यात लिहिलेलं हवं, म्हणून आराखड्याच्या ग्रामसभेला दहा-पंधरा आया घेऊन जा. मी एकटी गेले तेव्हा ‘बघू मॅडम’ एवढंच ऐकलं होतं. आणि राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना माहीत करून घ्या. अपघाती मृत्यूला दीड लाख रुपये मिळतात. कितीतरी घरांना हे माहीत नसतं आणि मुदतीत प्रस्तावच जात नाही.

आता लगेच करायचं ते हे. तालुक्याच्या आरोग्य विभागातून पथकाचा दौरा कार्यक्रम मागून घ्या, तुमच्या शाळेची तारीख कळली की दवंडी द्या आणि त्या दिवशी मुलांबरोबर आयांनाही बोलवा. चिठ्ठी दप्तरात न जाता आईच्या हातात पडली आणि डॉक्टरांनी तिच्याशी दोन मिनिटं बोलून ‘पैसे लागणार नाहीत’ असं तोंडानं सांगितलं, की ती जाते. आमच्याकडे तरी गेल्या.