वाचक विचारतात: आईला गिरनारला न्यायचंय, रोपवेने नेलं तर चालेल का?

प्रश्न: माझी आई 68 वर्षांची आहे, गुडघे दुखतात पण घरात हिंडूफिरू शकते. नरसोबाची वाडी, गाणगापूर सगळं झालंय, आता एकदा गिरनारला दत्त महाराजांच्या पादुकांचं दर्शन घ्यायचंय म्हणते. घरातले काही जण म्हणतात रोपवेने गेलं तर यात्रा पूर्ण होत नाही. रोपवेने थेट पादुकांपर्यंत जाता येतं का, आणि तिला झेपेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आधी आईंना सांगा, रोपवेने बिनधास्त जा, त्यात काही कमी पडत नाही. आणि जे म्हणतात यात्रा पूर्ण होत नाही त्यांना विचारा की वाटेतल्या अंबाजीच्या देवळाच्या पुढे किती पायऱ्या आहेत ते माहितीय का, कारण खरी गोम तिथेच आहे. भवनाथ तळेटीवरून (म्हणजे डोंगराच्या पायथ्यावरून) निघणारा हा रोपवे 24 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाला आणि तो सात-आठ मिनिटांत अंबाजीच्या देवळापाशी सोडतो, म्हणजे जवळपास 5000 पायऱ्या वाचतात. पण पादुका तिथे नाहीत, त्या पुढे दत्तशिखरावर आहेत! संपूर्ण गिरनार साधारण 10,000 पायऱ्यांचा धरतात, म्हणजे निम्मं चालणं उरलेलंच असतं.

आणि हे उरलेलं चालणं सरळ चढाचं नाहीये. अंबाजीवरून थोडं उतरून मग गोरखनाथ शिखर चढायचं, हे गुजरातमधलं सगळ्यात उंच ठिकाण, जवळपास 1100 मीटर, तिथून परत खूप खाली उतरायचं आणि मग समोर दत्तशिखराचा खडा चढ. येताना हेच सगळं उलटं, म्हणजे दर्शन झालं म्हणजे उतारच उतार असं समजू नका, परतताना गोरखनाथाचा चढ पुन्हा लागतो आणि थकलेल्या माणसाला तोच जड जातो. गुडघ्यांचं म्हणाल तर चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो, त्यामुळे तळेटीवर काठी मिळते ती नक्की घ्या.

माझं स्पष्ट मत, आईंसाठी अंबाजीपासून पुढे डोली करा. डोलीवाले माणसाला काट्यावर बसवून वजन करतात आणि त्यावरून भाडं ठरतं, आईंना आधीच सांगून ठेवा, काही जणांना तिथे अवघडल्यासारखं होतं. भाव आधी नीट ठरवा, पण फार ओढाताण करू नका प्लीज, खांद्यावर माणूस घेऊन त्या पायऱ्या चढणं काय असतं ते एकदा शेजारून बघा.

वाऱ्याचं मात्र लक्षात ठेवा. वारा जोरात असला की रोपवे बंद ठेवतात, कधी मेंटेनन्ससाठीही बंद असतो, म्हणून गिरनारजवळच्या जुनागढ शहरात एक दिवस जास्तीचा धरा आणि सकाळच्या पहिल्या ट्रॉल्यांमध्येच जा म्हणजे संध्याकाळी बंद व्हायच्या आत परत अंबाजीला पोचता येईल. शेवटची ट्रॉली चुकली तर रात्री 5000 पायऱ्या उतरायची वेळ येते, आईंबरोबर ते नकोच.

कमंडलू कुंड या दुसऱ्या दत्तस्थानाचा फाटा दत्तशिखराच्या चढाच्या खालीच लागतो, तिथून वेगळ्या पायऱ्या उतरायच्या. तिथे धुनी आहे, सोमवारी ती प्रज्वलित होते आणि त्या दर्शनाला खूप मराठी माणसं मुद्दाम सोमवार धरून येतात, प्रसादाचं जेवणही मिळतं. आई दमल्या नसतील तरच जा. आधी पादुका, मग कुंड.

कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा मात्र टाळा, तेव्हा गिरनारची परिक्रमा असते, डोंगराभोवतीची साधारण 36 किलोमीटरची, आणि लाखो लोक येतात. महाशिवरात्रीला भवनाथचा मेळा असतो, दत्तजयंतीलाही तुफान गर्दी. डिसेंबर-जानेवारीतला एखादा साधा वार बघा.

रोपवेने गेल्यावर भर्तृहरीची गुफा आणि नेमिनाथांचं जैन मंदिर वाटेत लागत नाही, ते पायऱ्यांच्या वाटेवर आहे. जैनांचे 22 वे तीर्थंकर नेमिनाथ यांचं निर्वाण याच डोंगरावर झालं असं ते मानतात, त्यांच्यासाठीही हा तितकाच पवित्र आहे. तुमचे पाय चांगले असतील तर आईंना कुणाबरोबर तरी रोपवेने पाठवून तुम्ही पहाटे पायऱ्यांनी चढा आणि अंबाजीला भेटा, मला तर हाच बेत सगळ्यात आवडतो. आणि तळेटीला जाताना रस्त्यालगतच अशोकाचा शिलालेख आहे, त्याच एका दगडावर रुद्रदामन आणि स्कंदगुप्त यांचेही लेख आहेत, तिथे रिक्षा थांबवायला सांगा, आईंना गाडीतून उतरून चार पावलंच टाकावी लागतील.

जय गिरनारी!