पुण्याहून लेहला जायला जिप्सी घ्यावी की जुनी बोलेरो?

तुमचं बजेट दोन लाख, मनालीमार्गे लेहला जाऊन परत यायचंय, आणि शेवटी लिहिलंय, "मारुती 800 सारखं डबडं सुचवू नका." त्या शब्दापायी लिहायला बसले.

2012 च्या जुलैत मी आणि माझा नवरा कोल्हापूरहून 800 घेऊन लेहला गेलो. 1998 ची, कार्ब्युरेटरवाली, आबांची गाडी. आबा गेल्यावर दादा ती 22 हजारांना भंगारात घालायला निघाला होता. मी भांडून माझ्या दारात आणून लावली. लेहचं कळल्यावर तो म्हणाला, "मनालीच्या पुढे ढकलत न्याल."

तीन महिने शनिवार-रविवार आबांच्या मिस्त्रींच्या गॅरेजात काढले. रेडिएटर उतरवून साफ केला. होज पाइप, फॅन बेल्ट, क्लच प्लेट, ब्रेक शू, चाकांची बेअरिंगं, सगळं नवं. मिस्त्रींची एकच अट होती: क्लचची आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल मी त्यांच्यासमोर दोनदा काढून परत बसवायची. दोन्ही नव्या बसवल्या, जुन्या असू देत म्हणून डिकीत टाकल्या.

मनालीच्या पुढे तांदीच्या पंपावर टाकी आणि दोन कॅन भरले. पुढचा पंप 365 किलोमीटरवर, तशी पाटीच होती. बारालाचाची खिंड पार केली, सरचूत रात्र काढली. दुसऱ्या दिवशी गाटा लूप्स. 21 वळणं. हवा विरळ झाली की कार्ब्युरेटरच्या गाडीला पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळते. मागून काळा धूर, मूळच्या 37 अश्वशक्तीतली निम्मीच उरल्यासारखी. नवरा उतरून चालत होता, मी पहिल्या गिअरवर. नवव्या वळणावर पेडल एकदम खाली गेलं. केबल तुटली होती. नवीच.

मागच्या ट्रकच्या क्लीनरने न सांगता चाकामागे दगड लावले. मी डॅशबोर्डखाली उलटी डोकं घालून पडले. बोटं बधिर, डोकं ठणकत होतं. केबलच्या टोकाचा तो मणी पेडलच्या खाचेत काही बसेना. गॅरेजात दहा मिनिटांत बसला होता, तिथं पन्नास मिनिटं लागली. आबांच्या जुन्या केबलवर आम्ही लेहला पोचलो, आणि त्याच केबलवर कोल्हापूरला परत आलो.

जाताना वाटेत पांगला एक कोरी करकरीत एसयूव्ही उभी होती. इंजिनाचा दिवा लागलेला, गाडी ओढतच नव्हती. मालकाजवळ पैसे होते, पण तिचा कॉम्प्युटर वाचणारं तिथं कोणी नव्हतं. ट्रकवर घालून न्यायची वाट बघत बसले होते बिचारे.

दादा आजही म्हणतो, "नशिबाने पोचलात." नशीब कसलं? केबल तुटली ना! तुटल्यावर बसवता आली म्हणून पोचलो. तीन महिने गॅरेजात गेले ते त्याला दिसतच नाहीत.

तर तुमचं. जिप्सी घेणार असाल तर 2000 नंतरची एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली, बघा, उंचीवर ती धुसफुसत नाही. पण दोन लाखांत मिळणारीची चासी खालून टोचून बघा, गंज असतोच. मागची आडवी बाकं हजार किलोमीटरनंतर पाठ मोडतात. पेट्रोलही भरपूर पिते. जुनी बोलेरो कुठल्याही ढाब्याशेजारचा मिस्त्री खोलतो, म्हणून माझं मत तिला.

फक्त एक, आणि हे आधीच सांगायला हवं होतं. दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी दिल्ली-एनसीआरमधून नेऊ नका. जयपूरहून सीकर, चुरू, हनुमानगड करत पंजाबात शिरा. पंधरा वर्षं झालेली असेल तर आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, ते पैसे देण्याआधी बघा. पहाटे निघत जा, दुपारी बर्फ वितळून रस्त्यावरच्या नाल्यांना पाणी चढतं, आणि 800 काय, बोलेरोही त्यात अडकते.

गाडी बघायला सकाळी जा. बॉनेटवर हात ठेवा. मालकाने आधीच सुरू करून गरम ठेवली असेल तर चहासुद्धा न घेता परत फिरा.