नोहप लावूनही लॉगआउट केल्यावर सर्व्हरवरचा प्रोग्राम बंद का पडतो?

नोहप (nohup, लॉगआउट केल्यावरही प्रोग्राम चालू राहावा म्हणून लावायची लिनक्स कमांड) लावलेलं असतानाही प्रोग्राम मरतो. हे आधी ठासून सांगतो, कारण 'तू नोहप लावायला विसरला असशील' हे मी चारचौघांत ऐकून घेतलंय.

चवथीचा (गणेश चतुर्थीचा) आदला दिवस. जुना डेटा नव्या डेटाबेसमध्ये हलवायचं काम पणजीच्या ऑफिसातून नोहपने सुरू केलं, दहा मिनिटं नीट चाललेलं पाहिलं, लॉगआउट केलं आणि फोंड्याची बस धरली. रात्री मी स्टुलावर उभा, हातात माटोळीला (गणपतीच्या वर बांधतात त्या फळापानांच्या चौकटीला) बांधायचा सुपारीचा घोस, आणि सीनियरचा फोन: काम अर्ध्यावर पडलंय. नोहप लावलं होतं म्हटलं, तर विश्वास नाही. त्यांनी स्वतः स्क्रीनमध्ये (screen, लॉगआउटनंतरही टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम) सुरू केलं, लॉगआउट केलं, तेही मेलं. तरी दोष माझाच! माटोळी तशीच टाकून मी लॉगिन केलं. होम डिरेक्टरीत नोहप डॉट आउट फाइल होती, नोहप प्रोग्रामचं आउटपुट हिच्यातच लिहितं. शेवटची ओळ संध्याकाळी ६:१२ ची, म्हणजे मी लॉगआउट केलं तो मिनिट. विसरलो असतो तर ती फाइल आली कुठून?

नोहप फक्त सिगहप (SIGHUP, टर्मिनल बंद झाल्याचा) सिग्नल अडवतं. सिस्टमडी (systemd) म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्राम; लॉगिन सांभाळणाऱ्या त्याच्या लॉगिनडी (logind) या भागात 'किलयूजरप्रोसेसेस' (KillUserProcesses) हे सेटिंग 'येस' असेल तर लॉगआउट होताच सेशनमधलं सगळं आधी सिगटर्मने (थांब, असं सांगणारा सिग्नल) आणि तरी उरलं तर सिगकिलने (अडवता न येणारा सिग्नल) संपवलं जातं. स्क्रीन, तसाच टीमक्स (tmux), कुणालाच सूट नाही. २०१६ साली २३० व्या आवृत्तीत सिस्टमडीने 'येस' हेच डीफॉल्ट केलं. डेबियन, उबुंटूने 'नो' ठेवलं, म्हणून अनेकांना हे कधी दिसतच नाही.

माझं मत स्पष्ट आहे: रोज चालायची गोष्ट नोहपवर ठेवूच नका. तिची सिस्टमडी सर्व्हिस करा, 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' (बिघडून पडली तर पुन्हा सुरू कर) घाला आणि सर्व्हिस एनेबल करा, म्हणजे बूट होताना ती आपोआप सुरू होईल. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, सर्व्हर रीबूट होतो, तेव्हा नोहपवालं काम पुन्हा आपोआप उठत नाही, सर्व्हिस उठते. ती सर्व्हिस तुमच्या यूजरखाली असेल तर 'लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर' (loginctl enable-linger, लॉगिन नसतानाही यूजरच्या सर्व्हिसेस चालू ठेवणारी कमांड) चालवा, नाहीतर तुमचं शेवटचं सेशन संपताच तीही थांबेल.

सीनियरना मी ती 'किलयूजरप्रोसेसेस' सेटिंगची ओळ दुसऱ्याच दिवशी पाठवली होती. उत्तर आलं नाही.

हो, आणि सर्व्हर कॉलेजचा किंवा सामायिक असेल तर लिंगर लावण्याआधी अ‍ॅडमिनला विचारा. 'किलयूजरप्रोसेसेस' त्यांनी मुद्दाम 'येस' ठेवलेलं असू शकतं. आणि तुमच्याकडे ते 'नो'च निघालं, तर मेमरी संपून कर्नलनेच प्रोग्राम मारला का, ते लॉगमध्ये बघा.