भाकरी सोडून आठशे मीटर पळता येत नाही

अगं,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आलेला दिसतोय, एवढ्या उशिरापर्यंत जागी कशाला होतीस ते रविवारी सांग. मुद्द्याचं आधी. मागच्या वर्षी आठशेला जो टायमिंग सहज यायचा तो आता येत नाही, चार सेकंद जास्त लागतायत, वजन वाढून ४८ झालंय, म्हणून तू रात्रीची भाकरी बंद केलीस आणि रोज सकाळी काट्यावर उभी राहतेस. जिममधल्या दादाने फॅट लॉसचं पॅकेज सांगितलंय, आजी म्हणते पोरीने वजन उचललं तर उंची खुंटते, आणि तुला कळेना कुणाचं ऐकायचं. एवढं सगळं फोनवर होणार नाही म्हणून लिहितेय, सावकाश वाच आणि आईलाही वाचायला दे.

भाकरी आज रात्रीपासून चालू कर. पुढचं काही वाचलं नाहीस तरी चालेल, पण हे कर.

आता टायमिंग का गेला ते. मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, कुणाची वर्षभर आधी कुणाची नंतर, आणि पाळी बहुतेकींना त्यानंतर साधारण वर्षभराने सुरू होते. मग कंबर रुंदावते, मांड्या भरतात, अंगावर थोडी चरबी चढते, आणि ती चढायलाच पाहिजे, तब्येत नीट चालली असल्याची ती खूण आहे. मुलांचं याच वयात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढतं, त्यांना स्नायू जवळजवळ फुकटात मिळतात, म्हणून तुझ्या मागे पळणारा तुझा चुलतभाऊ वर्षभरात तुझ्या पुढे गेला, त्यात त्याची मेहनत किती आणि वय किती हे मला चांगलं माहितीये. तुझं मात्र असं झालंय की गाडीत ऊस वाढला आणि बैल तेच राहिले. आता ऊस उतरवत बसायचं की बैलांना खुराक द्यायचा? तू उतरवायला निघालीस, आणि तो दादा तुला पैसे घेऊन मदत करणार होता.

त्यामुळे हो, ताकदीचा व्यायाम सुरू करायचा, आणि उंचीची भीती डोक्यातून काढ. आजीच्या भीतीला कारण आहे, हाडांच्या टोकाशी जिथून वाढ होते तिथे ग्रोथ प्लेट असते, ती मऊ असते आणि तिला मोठी इजा झाली तर त्रास होऊ शकतो, हे खरं. पण शिकवणारं माणूस समोर असताना, बेताच्या वजनाने, नीट पद्धतीने केलेल्या व्यायामाने उंची खुंटते याला काही पुरावा नाही, बालरोगतज्ज्ञही आता पोरांना असा व्यायाम करा म्हणूनच सांगतात. इजा होतात त्या बहुतेक वेळा कुणाचं लक्ष नसताना, मस्तीत, पेलत नाही तेवढं उचलायला गेल्यावर. आणि खो-खोत तू खांबावर सूर मारतेस तेव्हा गुडघ्या-घोट्यावर जो भार येतो ना, त्यापुढे मी देणार ते वजन म्हणजे काहीच नाही, पण त्याला कुणी घाबरत नाही. आजीला एवढंच सांग की विहिरीवरून दोन दोन हंडे आणून तिची उंची खुंटली नाही. (तिची उंची किती ते मला माहीत नाही, उलटं निघालं तर माझं नाव घेऊ नकोस.)

आणि 'अंगाने पैलवान होशील' असं कोण म्हणालं तर हसून सोडून दे. पहिले दोन महिने तर आरशात काही दिसतच नाही, ताकद वाढते ती मेंदू आणि नसा स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावायला शिकतात म्हणून. मुलींच्या अंगात टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असतं की दंड फुगवायला बायका वर्षानुवर्षं घासतात तरी हवं तेवढं होत नाही.

आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवार आणि शुक्रवार धर, मध्ये गॅप पाहिजे, आणि जोरदार पळायच्या आदल्या दिवशी नको. पाऊण तास पुरे. तुमच्या गावच्या तालमीत पोरं शंभर शंभर बैठका मारतात ते बघून तू पण मारतेस, त्याने दम वाढेल, ताकद तेवढी नाही. तुला आठ ते बाराच मारायच्यात पण वजन धरून आणि खाली जाताना तीन आकडे मोजत सावकाश. वजन कुठलं, तर तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन पाण्याने भर, झाले पाच किलो, छातीशी दोन्ही हातांनी धर, टाचा जमिनीला चिकटलेल्या पाहिजेत. दुसरं, कमरेतून वाकणं. काठी पाठीवर उभी धरायची, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही जागी ती टेकलेली राहिली पाहिजे आणि तशीच पार्श्वभाग मागे ढकलत वाकायचं, हे जमेपर्यंत मी तुला वजनाचा लोखंडी बार उचलू देणार नाही, कितीही रुसलीस तरी. मग ओट्यावर हात ठेवून जोर, जमिनीवर नंतर. शाळेतल्या मल्लखांबाच्या दोरीला लोंबकळणं आणि जमेल तसं चढणं. पायरीवर एका पायाने चढणं, आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, हे शेवटचं कंटाळवाणं आहे पण आठशेवालीला सोन्यासारखं आहे. प्रत्येकाचे दोन सेट, महिन्याभराने तीन. अजून दोन निघाले असते असं वाटतं तिथेच थांबायचं, दात-ओठ खात शेवटचा काढायचा नाही. सगळ्या सेटना बारा बारा स्वच्छ निघाले की कॅन बदलून डंबेल, आणि नंतर कधीतरी १५ किलोचा बायकांचा बार. 'मॅक्स किती जातं बघू' हा खेळ मैत्रिणींबरोबर अजिबात खेळायचा नाही.

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात तुम्ही पोरी रविवारी चढ पळता तेही एक प्रकारे ताकदीचंच काम आहे, ते चालू ठेव, फक्त उतरताना चालत ये. डांबरी उतारावर धडाधडा पळत येता आणि मग नडगी दुखते म्हणून माझ्याकडे येता. हिल मॅरेथॉनचं खूळ डोक्यात आहे तुझ्या, मला कळलंय, ते २१ किलोमीटर आत्ता नको, डोंगर काही कुठे जात नाही.

आता जरा नीट लक्ष दे. मागच्या रविवारी स्टेडियमच्या पायरीवरून तुला उडी मारायला लावली आणि व्हिडिओ काढला तो तुला पाठवलाय, स्लो करून बघ. खाली टेकतेस त्या क्षणाला उजवा गुडघा आत वळतो, अंगठ्याच्याही आत, आणि धप्प असा आवाज येतो. डावा बराचसा सरळ राहतो. उड्या आणि झटकन वळणं असलेल्या खेळात गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची दुखापत मुलींना मुलांपेक्षा बरीच जास्त होते आणि हे गुडघा आत पडणं त्यातलं एक कारण मानतात. ते लिगामेंट तुटलं तर ऑपरेशन आणि वर्षभर घरी, मग आठशे राहिलं आणि खो-खो पण राहिलं. हे सुधारता येतं ही चांगली बातमी. खालच्या पायरीवरून मांजरासारखी आवाज न करता उडी, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, दोन सेकंद तिथेच थांब, रोज वॉर्मअपमध्ये पाच-सहा वेळा, बास. दर पंधरा दिवसांनी मी परत व्हिडिओ काढीन. एका पायाने पायरी चढताना पण गुडघा कुठे जातो ते बघायचं, आईला समोर उभी कर.

दुखण्याबद्दल. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या जड होणं चालतं. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन तिथेच दुखतं ते वाढीच्या वयातलं ठराविक दुखणं आहे, उड्या आणि पळणं काही आठवडे कमी केलं की बहुतेक वेळा जातं. पण नडगीच्या हाडावर एका बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येते, किंवा रात्री झोपेत दुखतं, ते लपवायचं नाही. ते हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते आणि ती पळून बरी होत नाही.

हाडावरून पाळीचं आठवलं. मागच्या वेळी विचारलं तर तू मान खाली घातलीस. लाजायचं काय त्यात, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोरीला मी विचारते आणि विचारणार. कमी खाऊन जास्त पळलं की शरीर जमाखर्च बघतं आणि सगळ्यात आधी पाळी बंद करतं, मग हाडं ठिसूळ व्हायला लागतात. मुलींच्या हाडांतला जवळजवळ ९० टक्के साठा अठराव्या वर्षापर्यंत भरून झालेला असतो, म्हणजे आत्ता जी तीन-चार वर्षं चाललीत त्यातच जे काय जमा होईल ते. 'पाळी गेली म्हणजे ट्रेनिंग चांगलं चाललंय' असं तुला कुठल्या सीनियर पोरीने सांगितलंय ते मला माहितीये, ते साफ खोटं आहे. सलग तीन महिने आली नाही तर डॉक्टर, कुठलीही स्पर्धा असो.

तुझ्या चार सेकंदांतले काही सेकंद रक्तात पण असू शकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींत ५९ टक्के जणींना रक्तक्षय निघाला, म्हणजे दहातल्या सहा जणी. तुझं तोंड मला गेल्या महिन्यापासून फिकट वाटतंय. हिमोग्लोबिन तपासून घे, १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय स्पीडचं काम बंद. शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात ती दप्तराच्या तळाशी सापडते मला पोरींच्या, ती जेवल्यावर गिळायची असते. जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह नीट अंगी लागत नाही, त्याऐवजी लिंबू पिळ नाहीतर पेरू खा. गूळ-शेंगदाणे चांगलेच, पण नुसत्या गुळाने रक्त वाढतं हे ऐकीव आहे, अळीव आणि पालेभाज्या बघ.

प्रोटीन पावडरचा डबा तू विचारलास. तुमच्याकडे आजी माळकरी, अंडी घरात येत नाहीत हे माहीत आहे, तरी गणित बसतं. ४८ किलोच्या पळणाऱ्या पोरीला दिवसाला साधारण ६० ते ७५ ग्रॅम प्रोटीन पुरे. अर्धा लिटर दुधाचे सोळा-सतरा, दोन मुठी शेंगदाण्यांचे बाराएक, मोड आलेल्या मटकीची मोठी वाटीभर उसळ दहा-अकरा, आमटीचे सहा-सात, आणि ज्वारीच्या चार भाकरींचे अठरा-वीस. बेरीज कर. त्यातून तू दोन भाकरी काढल्यास, म्हणजे प्रोटीन तर गेलंच, वर पळायला लागणारं पीठही गेलं. डब्याचं दुसरं असं की आत काय भेसळ आहे ते तुला-मला कळत नाही, आणि उद्या मोठ्या स्पर्धेत नाडाची, म्हणजे खेळाडूंनी बंदी असलेलं औषध घेतलंय का ते तपासणाऱ्या सरकारी संस्थेची, टेस्ट झाली आणि काही निघालं तर 'मला माहीत नव्हतं' कुणी ऐकून घेत नाही.

झोप आठ ते दहा तास. पहाटे ग्राउंड, मग सहाची एसटी, शाळा, क्लास, रात्री अभ्यास, मला दिसतंय ते. पण मोबाईलचा दीड तास त्यातूनच निघतो ना? दहावीच्या वर्षी सकाळचं ग्राउंड दोन दिवस कमी करू पण झोप तोडायची नाही.

आणि पंधराव्या वर्षी संपलं असं जे तू शेवटच्या ओळीत लिहिलंस ते वाचून मला राग आला. आपल्या जिल्ह्यातली ललिता बाबर, माण तालुक्यातल्या मोही गावची, आधी लांब पल्ल्याची धावपटू, मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांत सलग तीनदा जिंकलेली, मग ३००० मीटर स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीला, वळली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून फायनलला गेली, तिथे दहावी आली. तेव्हा ती २७ वर्षांची होती. तू म्हणशील आदिती स्वामी साताऱ्याचीच आणि सतराव्या वर्षी, २०२३ ला, तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाली. झाली ना, पण तो खेळ वेगळा, त्यात तुझ्यासारखं स्वतःचं वजन दोन फेऱ्या ओढायचं नसतं. मधल्या पल्ल्याच्या पोरींचा खरा बहर बऱ्याचदा विशी ओलांडल्यावर येतो, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी खाणं तोडलेल्या पोरी तोवर टिकतच नाहीत, आपल्या ग्राउंडवरच्या किती जणी मी अशा जाताना पाहिल्यात.

वजनकाटा माळ्यावर टाक. त्याऐवजी दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी उंचीची खूण कर आणि तारीख घाल, उंची अजून पळतेय असं दिसलं तर त्या काळात उड्या कमी करू. वजन मी महिन्यातून एकदा बघीन, आकडा तुला सांगणार नाही.

रविवारी येताना आईला घेऊन ये, पाळीचं आणि जेवणाचं मला तिच्याशीच बोलायचंय. हिमोग्लोबिन त्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घे, चिठ्ठी फेकू नकोस. तेलाचा कॅन साबणाने दोनदा धू, नाहीतर बैठकीत हातातून सटकेल, आणि ते जुने शूज पण आण, तळ बघायचाय मला, उजव्या पायाचा आतून जास्त झिजलाय का ते.

तुझी
मॅडम