नवे सहा संगणक आणले, त्यांतील तिघांनाच इंटरनेट मिळत नाही. दोष कोठे शोधावा?

आपण लिहिले आहे की कार्यालयात पूर्वीपासून नऊ संगणक होते, आता सहा नवे आणले, त्यांपैकी तीन सुरळीत चालतात आणि उरलेल्या तिघांवर केबल जोडलेली असूनही ‘इंटरनेट नाही’ असा संदेश येतो. विक्रेता नेटवाल्याकडे बोट दाखवतो आणि नेटवाला विक्रेत्याकडे. लहान कार्यालयांचे संगणक सांभाळण्याचेच माझे काम असल्याने हा वाद मी अनेकदा ऐकला आहे. विक्रेता विंडोज पुन्हा टाकून पाहू म्हणेल, तर तूर्त टाकू देऊ नका. अर्धा दिवस जाईल आणि दोष बहुधा तेथेच राहील.

प्रथम चालणाऱ्या संगणकाची केबल काढून न चालणाऱ्या संगणकाला लावा. तो चालू लागला तर दोष त्याच्या आधीच्या केबलचा किंवा ती स्विचच्या (सर्व केबली जेथे येतात त्या पेटीच्या) ज्या पोर्टला लावली होती त्या पोर्टचा आहे, संगणकाचा नाही. तरीही चालला नाही, तर दोन्ही संगणकांवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा द्या आणि ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ या ओळीसमोरचे आकडे, म्हणजे संगणकाचा नेटवर्कवरील पत्ता, कागदावर शेजारीशेजारी लिहून घ्या. इथरनेटचे नावच यादीत दिसत नसेल तर बहुधा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) टाकायचा राहिला आहे; अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट संगणकाला देणे, सुरू केले की त्याच संगणकावर तो उतरवून घेता येतो.

तेथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर संगणकाने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता धारण केला, असा त्याचा अर्थ होतो. काही संगणक चालतात आणि काही चालत नाहीत अशा वेळी माझा पहिला संशय राउटरकडचे पत्ते संपल्याचा असतो. एका पतसंस्थेत मी हे प्रत्यक्ष पाहिले. तेथील राउटर १९२.१६८.१.१०० ते १४९ एवढेच, म्हणजे ५० पत्ते वाटत होता आणि प्रत्येक पत्ता २४ तासांसाठी देत होता. वायफायचा पासवर्ड कर्मचाऱ्यांपासून ठेवीदारांच्या मुलांपर्यंत सर्वांना ठाऊक होता, त्यामुळे दारातून आत आलेला प्रत्येक मोबाइल एक पत्ता अडवून बसे आणि मालक निघून गेल्यावरही तो पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत मोकळा होत नसे. काल दहाला सुरू झालेल्या संगणकाची मुदत आज दहाला संपे. कारकून सव्वादहाला आला, तर मधल्या पंधरा मिनिटांत त्याचा पत्ता कोणाच्या तरी मोबाइलने घेतलेला असे. वेळेवर येणाऱ्यांचे इंटरनेट चालते आणि उशिरा येणाऱ्यांचे बंद पडते, हे निरीक्षण तेथील शिपायाचे होते; आम्हा तंत्रज्ञांना ते दोन दिवस सुचले नव्हते.

राउटरच्या पानावर डीएचसीपीची (आपोआप पत्ते वाटण्याच्या सोयीची) यादी उघडून किती पत्ते दिले गेले आहेत ते मोजा. यादी भरलेली असेल तर वाटपाची कक्षा (पत्त्याचा शेवटचा आकडा) ५० ते २५० अशी वाढवावी, २ ते ४९ हे पत्ते प्रिंटर व सर्व्हरसाठी राखून ठेवावेत (त्यांपैकी एखाद्याचा पत्ता ५० च्या पुढे असेल तर तो आधी बदलावा), मुदत चार तासांवर आणावी आणि पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय सुरू करावे. त्यानंतर इंटरनेट न मिळणारे संगणक बंद करून पुन्हा सुरू केले म्हणजे पुरते.

पत्ता १६९ चा नसून निराळ्याच मालिकेतला असेल, उदाहरणार्थ चालणाऱ्यांचा १९२.१६८.१ ने आणि न चालणाऱ्यांचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर कार्यालयात दुसरा राउटर पत्ते वाटत आहे. कोणीतरी घरचा जुना वायफाय राउटर आणून टेबलामागे स्विचला जोडलेला सापडेल. तो काढून टाका किंवा त्यातील डीएचसीपी बंद करा.

आणखी एक शक्यता विक्रेत्याच्या बाजूची आहे. पुष्कळ विक्रेते एक संगणक तयार करून त्याच डिस्कची प्रत इतरांवर उतरवतात. मूळ संगणकात पत्ता हाताने लिहिलेला असेल तर तोच सर्वांमध्ये जातो आणि ते एकमेकांना पाडत राहतात. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये पत्ता ‘ऑटोमॅटिक’ करावा आणि संगणकांची नावेही वेगवेगळी आहेत ना, हे पाहावे.

केबलचा दोष निघाल्यास एक खूण सांगतो. सेटिंगमध्ये वेग १००० एमबीपीएसऐवजी १०० दिसत असेल, तर आठपैकी एखादी तार नीट बसलेली नाही, असे बहुधा निघते. कारण १०० साठी दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. दुसरी नेहमीची चूक तारांच्या क्रमाची असते. प्रचलित टी५६८बी क्रमात हिरव्या जोडीच्या दोन तारा तिसऱ्या आणि सहाव्या जागी जायला हव्यात. घाईत क्रिम्पिंग करणारा (केबलच्या टोकाला प्लग बसवणारा) त्या तिसऱ्या-चौथ्या जागी शेजारीशेजारी बसवतो आणि निळी जोडी पाचव्या-सहाव्या जागी जाते. दुसऱ्या टोकालाही तीच चूक असली की स्वस्त टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात, पण प्रत्यक्षात संपर्क तुटत राहतो. अशा केबलची दोन्ही टोके कापून नव्याने क्रिम्प करून घ्यावीत.

इंटरनेट चालणाऱ्या एका नव्या संगणकावर टॅलीचे सामायिक फोल्डर उघडत नाही, असेही आपण म्हटले आहे. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती पासवर्डविना पाहुणा म्हणून सामायिक फोल्डर उघडू देत नाही. ज्या संगणकावर फोल्डर आहे तेथे पासवर्डासह एक वापरकर्ता तयार करून त्याच नावाने जोडावे. जुने एसएमबी१ (फोल्डर सामायिक करण्याची जुनी पद्धत) चालू करण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये, त्यात धोका आहे.

त्या तीन संगणकांवर दिसणारे पत्ते येथे लिहिलेत तर नेमके सांगता येईल. १९२.१६८ किंवा १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते कार्यालयाच्या आतलेच असल्याने ते उघडपणे लिहायला हरकत नाही.