अहवाल वडिलांचा, धास्ती मुलीच्या लग्नाची

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून एका ताईंचे पत्र आले आहे. त्या लिहितात : "यजमान ५२ वर्षांचे आहेत. वर्षभरापासून डोके जड राहते, तळपायांची आग होते आणि आंघोळ झाली की अंगभर खाज सुटते. हिमोग्लोबिन १९.२ निघाले, म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी जनुकाची तपासणी करायला लावली. अहवालात 'जेएके२ व्ही६१७एफ डिटेक्टेड, ३८ टक्के' असे आले. म्हणजे ३८ टक्के कॅन्सर झाला काय? भासरे (थोरले दीर) म्हणतात, हे सिकलसेलसारखेच आहे, पोरीत उतरणार. दिवाळीनंतर मुलीचे साक्षगंध ठरले आहे. व्याह्यांना सांगावे की लपवावे? डॉक्टर रक्त काढायचे म्हणतात, पण हे तयार नाहीत. रक्त काढल्यावर वेचणीच्या दिवसांत उभे राहवणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे."

ताई, साक्षगंधाची काळजी तुम्ही शेवटी लिहिली असली, तरी तुमची झोप तिनेच उडवली आहे, हे पत्र वाचताना जाणवते. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते. भासऱ्यांचा समज चुकीचा आहे, पण तो का झाला हे कळण्याजोगे आहे. आपल्या भागात रक्त आणि जनुक हे शब्द एकत्र आले की सिकलसेलच आठवतो. सिकलसेलमधला दोष आईवडिलांकडून येतो, जन्मापासून शरीराच्या सर्व पेशींमध्ये असतो आणि पुढच्या पिढीला जाऊ शकतो. तुमच्या यजमानांच्या अहवालातला बदल तसा नाही. तो अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त तयार होते तिथल्या, एखाद्या मूळ पेशीत आयुष्यात कधीतरी घडतो आणि त्या पेशीपासून पुढे तयार होणाऱ्या रक्तपेशींपुरताच राहतो. ज्या पेशींपासून मूल होते, त्यांत तो नसतो, त्यामुळे वडिलांचा हा बदल मुलीत उतरत नाही. काही थोड्या घराण्यांत अशा आजारांचा कल इतरांपेक्षा किंचित अधिक दिसतो, हे खरे. पण तेवढ्यासाठी धडधाकट मुलीची जेएके२ तपासणी करण्याची गरज नसते.

आता अहवालातील आकड्याविषयी. तपासलेल्या रक्तात या जनुकाच्या जितक्या प्रती होत्या, त्यांपैकी ३८ टक्के प्रतींमध्ये बदल सापडला, एवढाच त्याचा अर्थ. आजार इतके टक्के झाला किंवा इतके टक्के आयुष्य उरले, असे त्यातून निघत नाही. हा बदल २००५ मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आला. जेएके२ हे जनुक रक्तपेशी वाढवण्याचा निरोप पेशीच्या आत पोहोचवते. बदल झाला की शेतातल्या मोटारपंपाचे बटण चालू अवस्थेत अडकावे तसे होते, निरोप नसतानाही पेशी तयार होतच राहतात. मात्र एवढ्या एका अहवालावरून आजाराचे नाव ठरत नाही. तांबड्या पेशी वाढण्याच्या आजारात, ज्याला पॉलिसायथेमिया व्हेरा म्हणतात, शंभरातल्या सुमारे ९५ रुग्णांत हा बदल सापडतो. पण प्लेटलेट वाढण्याच्या आणि अस्थिमज्जा तंतुमय होण्याच्या आजारांतही तो निम्म्याहून अधिक जणांत असतो. पुरुषांत १६.५ च्या वरचे हिमोग्लोबिन आणि आंघोळीनंतरची खाज पहिल्या आजाराकडे बोट दाखवतात, तरी एरिथ्रोपोएटिनची, म्हणजे तांबड्या पेशी तयार करायला सांगणाऱ्या संप्रेरकाची, तपासणी आणि गरज पडल्यास अस्थिमज्जेची तपासणी झाल्यावरच डॉक्टर निश्चित सांगतील. वैद्यकीय वर्गवारीत हे आजार रक्ताच्या कर्करोगांत मोडतात, हे मी तुमच्यापासून लपवत नाही; पण ते बहुधा संथ चालीचे असतात आणि नीट उपचार घेणारी माणसे वर्षानुवर्षे आपले काम करत राहतात.

खरा धोका रक्ताच्या गुठळीचा आहे, आणि यजमानांचा हट्ट नेमका तिथेच आड येतो. निदान पक्के झाल्यावर डॉक्टर रक्त काढतात ते रक्तातील पेशींचे प्रमाण, म्हणजे अहवालात हिमॅटोक्रिट या नावाने दिसणारा आकडा, ४५ टक्क्यांच्या खाली ठेवण्यासाठी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात, हा आकडा ४५ ते ५० दरम्यान राहू दिलेल्या रुग्णांमध्ये हृदयविकाराने वा पक्षाघाताने मृत्यू आणि मोठ्या गुठळ्या यांचे प्रमाण जवळपास चौपट आढळले. रक्त काढल्यावर थकवा येतो, कारण शरीरातील लोह कमी होते. पण म्हणून कोणी सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या किंवा टॉनिक त्यांना परस्पर देऊ नका, त्याने तांबड्या पेशी पुन्हा वाढतात. वेचणीचे दिवस टाळून तारीख मागता येते. डॉक्टरांना तसे स्पष्ट विचारा. गुठळी होऊ नये म्हणून कमी मात्रेची ॲस्पिरिन द्यायची का, हे तेच ठरवतील. खर्रा आणि बिडी मात्र आजच सुटायला हवी, आणि उन्हाळ्यात पाणी कमी पिऊन चालणार नाही. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

व्याह्यांच्या बाबतीत माझे मत असे : हा आजार मुलीचा नाही, त्यामुळे अहवाल घेऊन त्यांच्या दारी जाण्याचे तुमच्यावर बंधन नाही. त्यांनी विचारलेच, तर खोटे बोलू नका. डॉक्टरांनी सांगितलेले चार शब्दांत सांगा. मला नवल याचे वाटते की, इतकी चर्चा झाली, पण मुलीची आणि होणाऱ्या जावयाची सिकलसेल तपासणी झाली की नाही, याविषयी पत्रात एक ओळ नाही. दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी दोष अंगात असेल, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते आणि ती साक्षगंधाआधी व्हावी.

शेवटी, घरातल्या सर्वांना सांगून ठेवा : यजमानांचे तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, छातीत दुखले, एकच पाय अचानक सुजला किंवा पोटात असह्य कळ आली, तर गावात सलाईन लावून वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, आणि गाडीत बसताना हा अहवाल सोबत घ्या.