वाचकांचे प्रश्न : नादिष्टांची जादू आणि कृष्णाकाठ

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीने मला एक इंग्रजी कादंबरी वाचायला दिली. तिच्यातली कॉफीच्या दुकानात काम करणारी मुलगी आवडत्या चित्रपटातले दृश्य पाहून त्यातल्या नायकाचे कसब थोडा वेळ अंगी आणते आणि जपून ठेवलेले खेळाचे पत्ते फाडून जादू करते. तशीच एक कादंबरी मी मराठीत, सांगलीत घडणारी, लिहायला घेतली आहे. मित्रांना पहिली प्रकरणे वाचून दाखवली, तर ते म्हणाले की ही जादू नव्हे, नुसती नावांची यादी आहे. माझे काय चुकते आहे? सोबत पहिले प्रकरण पाठवत आहे.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : प्रकरण दोनदा वाचले. आपल्या मित्रांचे म्हणणे कठोर असले तरी खोटे नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर उभा राहून नायक एकामागून एक परदेशी महावीरांची नावे घेतो आणि प्रत्येक नावासरशी त्याला एक नवी शक्ती मिळते. ज्या वाचकाला ती नावे ठाऊक आहेत तो ओळखीचे हसू हसतो. ज्याला ठाऊक नाहीत त्याच्या पदरी काहीच पडत नाही. ओळख पटवणे म्हणजे जादू नव्हे. या प्रकारच्या, म्हणजे सिनेमा, कॉमिक्स, खेळ यांच्या नादाने झपाटलेल्या नादिष्टांच्या कादंबरीत जादूचा उगम वस्तूत नसतो, तर त्या वस्तूवर कोणीतरी वर्षानुवर्षे केलेल्या प्रेमात असतो, आणि ते प्रेम खर्ची पडल्याशिवाय काही घडत नाही. आपण वाचलेल्या कादंबरीतला पत्ता फाटतो याचे कारण हेच आहे. तो परत मिळत नाही.

आपल्या प्रकरणात एक जागा मात्र अस्सल उतरली आहे. नायकाच्या कंपासपेटीत कुस्तीगिरांच्या ट्रम्प कार्डांपैकी एकच पत्ता उरलेला आहे, त्याचा कोपरा मऊ पडला आहे आणि पाठीवर पिवळी पडलेली चिकटपट्टी आहे. हा पत्ता त्याने चौथीत असताना कोणाकडून जिंकला आणि त्यापायी कोणाशी अबोला धरला, हे आपण अर्ध्या वाक्यात उरकले आहे. तिथे दोन पाने थांबा. मग पुलावर तो पत्ता त्याला फाडायला लावा. उंची, वजन, छाती, बायसेप्स यांचे छापील आकडे फाटताना वाचकाच्या पोटात कालवले, तर पुढच्या आगीच्या गोळ्याची गरजही उरणार नाही.

दुसरी गोष्ट उगमाची. याच जातीच्या एका अमेरिकन कादंबरीमालिकेत नायक पुस्तकात हात घालून आतली वस्तू बाहेर काढतो. पण पुस्तकाच्या पानातून मावेल एवढीच वस्तू निघते, आणि ते पुस्तक पुष्कळ लोकांनी मन लावून वाचलेले असेल तरच निघते. हा दुसरा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण तो आपल्याला एक अवघड प्रश्न विचारायला लावतो : सांगलीतल्या पुष्कळ लोकांनी मिळून कशावर जीव लावला आहे? चांदोबा मराठीत 1952 पासून निघू लागला. इंद्रजाल कॉमिक्स 1964 साली सुरू झाले आणि 1990 पर्यंत चालले. वाचनालयातून आणलेला, पाने निखळलेला एकच अंक वाड्यातल्या दहा मुलांनी वाचलेला असायचा. अशा अंकात किती शक्ती साठली असेल, याचा हिशेब आपल्या नायकाला करता आला पाहिजे.

आता यात एक गंमत आहे, आणि ती केवळ आपल्याच भाषेत जमेल. चांदोबातला वेताळ विक्रमाच्या पाठीवर लोंबकळत गोष्ट सांगतो आणि राजाचे मौन सुटताच झाडावर परत जातो. इंद्रजालमधला वेताळ बुरखा घालून कवटीच्या गुहेत राहतो आणि गुन्हेगारांच्या जबड्यावर ठोसा लगावतो. आणि गावाच्या शिवेवरचा, शेंदूर माखलेला वेताळ तर या दोघांच्याही आधीपासून तिथे आहे. आपल्या नायकाने अडचणीच्या वेळी नुसते ‘वेताळा, धाव’ म्हटले, तर तिघांपैकी कोण येईल? माझ्या मते चुकीचाच यावा, आणि त्याने आल्याआल्या कोडे घालावे.

किंमत कशी मोजावी, हे नदी आपल्याला शिकवते. आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी 45 फूट मानली जाते. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांच्या पुढे गेली होती. कागदाला पाण्याची जी भीती असते ती सांगलीकराला वेगळी सांगावी लागत नाही. भिजलेला अंकांचा गठ्ठा वाळला की विटेसारखा होतो, पाने सुटत नाहीत, आणि तो टाकवतही नाही. माळ्यावर अशी एक वीट जपणारा म्हातारा संग्राहक मला आपल्या खलनायकापेक्षा अधिक भयंकर आणि अधिक आपला वाटेल.

प्रश्न : अशा कादंबरीतले मंत्र कसे लिहावेत? संस्कृतसारखे वाटणारे शब्द घडवले तर घरातील वडीलधारी माणसे म्हणतात की पोथीची चेष्टा करू नकोस.
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : घरच्यांचे ऐकावे, आणि तेही केवळ शिष्टाचार म्हणून नव्हे. खोटे संस्कृत कानाला लगेच खोटे लागते. नादिष्टांच्या जगाला स्वतःचे मंत्र आहेत. कॅसेट घालून टीव्हीवर खेळायच्या व्हिडिओ गेमवर ज्यांची मे महिन्याची सुट्टी गेली, त्यांतल्या अनेकांना हा मंत्र आजही तोंडपाठ असेल : वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. ‘कॉन्ट्रा’ या खेळात तो बरोबर दाबला की तीन ऐवजी तीस जीव मिळत. त्याचा कर्ता काझुहिसा हाशिमोतो हा जपानी प्रोग्रामर होता. 1986 साली ‘ग्रॅडियस’ हा दुसरा एक खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करताना तो तपासायला त्याला फार अवघड जाऊ लागला, म्हणून त्याने स्वतःच्या सोयीसाठी ही किल्ली ठेवली आणि ती खेळात तशीच राहून गेली. दहा कळा, ठरलेला क्रम, एक चूक झाली की फळ नाही, आणि एका मुलाकडून दुसऱ्याकडे तोंडी गेलेले ज्ञान : मंत्राची सगळी लक्षणे इथे आहेत.

पारायणाची कल्पनाही आपल्याकडे उसनी आणावी लागत नाही. औदुंबरला किंवा नरसोबाच्या वाडीला जाऊन सप्ताह करणाऱ्या माणसाला ‘वाचनाने बळ येते’ हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या पोथीला नियम आहेत, सोवळे आहे आणि शेवटी फलश्रुती आहे. त्या पोथीला हात न लावता तिची शिस्त मात्र आपल्याला घेता येईल. आवडत्या मालिकेचे सगळे भाग, जाहिरातींसकट, मध्ये न उठता आणि मोबाइल न पाहता सलग पाहिल्याखेरीज शक्ती मिळणार नाही, असा नियम केला तर हसूही येईल आणि वजनही येईल. (हा नियम पाळून दाखवणारा तरुण मला अजून भेटायचा आहे.)

प्रश्न : अर्बन फँटसीसाठी, म्हणजे आजच्या शहरात जादू घडणाऱ्या कथेसाठी, महानगर लागते असे म्हणतात. साताऱ्यात ना भुयारी रेल्वे, ना गगनचुंबी इमारती. इथे अशी कथा घडू शकेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : घडेल. वर ज्या पुस्तकातून वस्तू काढणाऱ्या नायकाचा उल्लेख केला, तो मिशिगन राज्याच्या उत्तर भागातल्या एका लहानशा गावातल्या ग्रंथालयात काम करतो. महानगरात जादूगार लपून राहतो; साताऱ्यात त्याला लपताच येत नाही, आणि तीच आपली गोष्ट आहे. राजवाड्याजवळच्या चौपाटीवर त्याने रात्री कोणावर मंत्र टाकला, तर सकाळी पेढ्यांच्या दुकानात त्याच्या मामाला ते कळलेले असणार, आणि मामा ‘तुझे ते फटाके बंद कर’ एवढेच म्हणणार.

शक्तीचे ठाणे हवे असेल तर भिलार आहेच. 2017 साली ते पुस्तकांचे गाव झाले, तेव्हा घरे, देवळे, शाळा धरून 25 ठिकाणी पुस्तके मांडली गेली, आणि अनोळखी माणूस अनोळखी घराच्या पडवीत बसून वाचू लागला. जिथे पुष्कळांचे वाचन साठते तिथे जादू साठते, हा नियम धरला तर पाचगणीच्या वाटेवरचे हे स्ट्रॉबेरीचे गाव भलतेच जोखमीचे ठरते. तिथल्या एखाद्या यजमान बाईंना नायिका करून पाहा. पाहुण्यांनी वाचून झाल्यावर पुस्तके जागेवर ठेवली नाहीत, तर रात्री ती आवरताना त्यांच्या हाती काय काय लागते, इथूनच पहिले प्रकरण सुरू करता येईल.